काळे दाणे

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या तळपायात कापूस वेचताना बाभळीचा काटा मोडला. काढला, रुईचा चीक लावला, विसरलो. चपला पुरुषांच्या पायात. आमी बाया अनवाणीच. वर्षभरानं तिथं हरभऱ्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती, मग कोण लक्ष देतं? पुढं ती फुटली, पू आला, आणि पुवात काळे दाणे, मोहरीहून बारीक.

मी म्हणलं, "बाई, रोग भायेर पडून राहिला बगा. औंढ्याच्या नागनाथाला कडक सोमवार बोला."

"तुला काय ठावं?"

"आमच्या माहेरी असंच करतात."

खरं सांगते, माहेरी असलं काही नव्हतं. मोठ्या जावेला शहाणपण शिकवायची हौस, दुसरं काय!

एकादशी, शनिवार त्यांचे होतेच, त्यात हे सोमवार. दिवसभर रानात निंदायचं आणि पोटात नुसतं पाणी. पाय धुताना दाणे जास्त दिसले की मी खूश. म्हणायची, "आज लई निघाले." अशी दोन वर्षं गेली. पाय सुजून उखळासारखा झाला, तेव्हा भाऊजींनी त्यांना हिंगोलीहून रेल्वेनं परभणीच्या दवाखान्यात नेलं. सोबतीला मी.

डॉक्टरांना मी मोठ्या तोऱ्यात दाण्यांचं आणि सोमवारांच्या उपासांचं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, शिळ्या भाकरीवर बुरशी येते ना, तसली मातीतही असते. काट्याबरोबर आत गेली. रक्तात राखणदार असतात, ते तिला घेरून कुंपण घालतात. ती गाठ म्हणजे कुंपणच. पण ही बुरशी दाणा धरून घट्ट बसते, तो त्यांना फुटत नाही. दाणे निघाले म्हणजे रोग गेला नव्हे, रोगाचं पीक आलं. गाठ लहान होती तेव्हाच आणायचं, कापून काढली असती. आणि राखणदार उपाशी ठेवले तर राखण कशी व्हायची?"

जाऊबाई छताकडं बघत पडल्या होत्या.

पाय घोट्याच्या वरून काढला.

घरी आल्यावर सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "धाकटीनं लई केलं हो तिचं. सोमवार बी हिनंच धरायला लावले, म्हणून जीव तरी वाचला." जाऊबाई भिंतीला टेकून तूर निवडत असायच्या. त्यांनी एका शब्दानं सासूबाईंना खोटं पाडलं नाही. अन् मी पाहुण्यांना पाणी देत ते कौतुक ऐकून घेतलं, एकदा न्हाई, कितीतरी वर्षं.