तळघरातली म्हातारी

“गुडघ्याचं जाऊ दे,” ताई म्हणाली. “गुडघा दुखतो, तर तो कुरकुरणारच. पण मला न विचारता माझा आवाज उचललास, हे आधी कबूल कर.”

“उचलला कसा? घरातलाच तर होता,” छोट्या म्हणाला. बोलून होईपर्यंत आपण काय मूर्खासारखं बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

“घरातलाच. म्हणजे डब्यातली साखर का मी? हात घातला आणि घेतली?”

“तुम्ही गप्प बसा बघू,” त्याची बायको त्याला म्हणाली. “दीड वर्ष बसलात ना, तसेच बसा.”

“आणि तू गं?” ताईने मोर्चा भाचीकडे वळवला. “तू तर ते खेळ तपासून देतेस त्याला. तुला ठाऊक होतं?”

“मला वाटलं, तुला माहीत असेल, आत्या.”

“तसं वाटलं असतं तर एकदा तरी चिडवलं असतंस मला.”

टेबलावर सहा कप तसेच पडले होते. पाहुणे जिना उतरून अर्धा तास झाला होता आणि कप उचलायचं कुणाला सुचत नव्हतं.

छोट्या म्हणजे सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, केस विरळ झालेला माणूस. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी, तिने ठेवलेलं नाव घरात टिकलं. नवव्या वर्षी त्याची दृष्टी गेली. एका मोठ्या दवाखान्यात तो टेलिफोनवर बसतो. तिथले अडीचशे नंबर त्याला तोंडपाठ आहेत, आणि कुठल्या डॉक्टरला कुठल्या डॉक्टरशी बोलायचं नाही हेसुद्धा. पण तो त्याचा पोटापाण्याचा उद्योग झाला. त्याचा खरा जीव खेळांत. अंधांनी खेळायचे, कानाने खेळायचे संगणकावरचे खेळ तो स्वतः लिहितो. सुरुवातीचे नुसते अक्षरांचे होते. ‘उत्तरेला दार आहे, काय करणार?’ असं संगणक वाचून दाखवणार आणि खेळणाऱ्याने उत्तर टाइप करायचं. मग आवाजांचे आले. पाऊल फरशीवर पडलं की एक आवाज, पाण्यात पडलं की दुसरा. किल्ली डाव्या कानात किणकिणली की डावीकडे वळायचं. खेळाडूंमध्ये त्याला घुबड म्हणतात, आणि त्याला ते आवडतं.

घरच्यांना यातलं काय दिसायचं? काळा कुळकुळीत पडदा आणि त्यासमोर कान झाकून बसलेला एक माणूस, मधूनच दचकणारा. “बंद टीव्ही बघत बसतो,” असं ताई शेजारणीला सांगायची.

पण त्याला हे शिकवलं कुणी, तर ताईने. तो एकोणीस वर्षांचा असताना वाचून दाखवणारे संगणक त्यांच्या आवाक्यात नव्हते. होतं ते एक जाडजूड पुस्तक, प्रोग्रॅम कसे लिहावेत याचं. ताई दिवसभर गणवेशाच्या कारखान्यात उभ्याने कापड बेतायची. संध्याकाळी पाय बादलीत सोडून बसायची आणि ते पुस्तक त्याला अक्षर अक्षर वाचून दाखवायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. खुणांना काय म्हणायचं तेही माहीत नव्हतं, म्हणून तिने नावं पाडली. टिंबाखाली शेपूट. मिशीवाला कंस. शिडी. “मिशीवाला उघडला, अजून बंद नाही झाला हं,” ती बजावायची. दोन हिवाळे तिने ते पुस्तक वाचलं, शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यासकट. अजूनही प्रोग्रॅम लिहिताना छोट्याच्या डोक्यात मिशीवाला कंसच येतो.

आणि याच माणसाने तिला राक्षसीण केली.

झालं ते असं. ‘तळघर’ नावाचा खेळ लिहिताना त्याला स्वयंपाकघरातले आवाज हवे होते, नळाचे, झाकणांचे, खणांचे. म्हणून त्याने छोटा रेकॉर्डर फ्रिजवर ठेवला आणि विसरला. रात्रीच्या जेवणाची सगळी वाढावाढ त्यात उतरली. ऐकायला बसला तर नळ राहिला बाजूला. ताई एका पायाने चप्पल घासत येते, स्टुलावर बसताना “अगं आई गं, हा मेला गुडघा” म्हणते, नाकाने श्वास सोडते आणि स्वतःशी म्हणते, “आता कोण राहिलं?” त्याच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, सापडल्याचा. असं काही मिळायला लोक वर्षंवर्षं धडपडतात.

त्याने आवाज चार पट्ट्या खाली उतरवला. चप्पल तशीच ठेवली, श्वास तसाच ठेवला. तळघरात किल्ल्या शोधत फिरणाऱ्या खेळाडूच्या मागे ती म्हातारी लागते. लांबून चप्पल ऐकू येते, मग गुडघा. स्पेसबार दाबून श्वास रोखून धरला तर ती पुढे निघून जाते. नाही जमलं, की कानाशी येऊन विचारते, “आता कोण राहिलं?” संपला खेळ.

दीड वर्षात खेळ पसरला. आजवर त्याचं इतकं काही पसरलं नव्हतं. लोकांनी विचारलं, आवाज कुणाचा? त्याने लिहिलं की यंत्रातच तयार केलाय, तुकडे जोडून. ते लिहिताना त्याची बोटं एकदा अडली होती. तेवढंच.

त्या रविवारी दुपारी आलेले पाहुणे दोघेही त्याच्यासारखेच, अंध. एक शाळेतल्या बाई, दुसरा मालिश करणारा. खेळाडूंच्या मंडळाकडून आले होते. यंदाचं पहिलं बक्षीस ‘तळघर’ला द्यायचं ठरलं होतं आणि पुढच्या रविवारी सभेत ‘म्हातारीचा आवाज कसा घडवला’ यावर घुबडाने दहा मिनिटं बोलावं अशी विनंती होती. छोट्याची कॉलर ताठ झाली होती. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. कप वाटले, खुर्चीवर टेकली, “अगं आई गं, हा मेला गुडघा,” म्हणाली, नाकाने श्वास सोडला आणि सवयीने विचारलं, “मिळाला ना सगळ्यांना? आता कोण राहिलं?”

मालिशवाल्याने बाईंचं मनगट घट्ट धरलं. “बाई, स्पेस दाबा,” तो म्हणाला.

बाई इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. “अहो, ही तर तीच.”

“ती कोण?” ताईनेही हसतच विचारलं. दोन माणसं खुशीत आहेत एवढंच तिला दिसत होतं.

“म्हातारी,” बाई म्हणाल्या, आणि तो शब्द खोलीत कसा पडला ते ऐकून थांबल्या.

चार पट्ट्या खाली उतरवल्या की माणूस लपतो, असं छोट्याने स्वतःला पटवलं होतं. डोळ्यांनी चालणाऱ्या माणसापासून लपलाही असता. पण ज्यांनी रोज त्या श्वासापासून पळून जीव वाचवला, त्यांच्यापासून कसा लपणार? आणि हे न कळायला तो काय नवा होता? आयुष्यभर त्याने माणसं चपलेवरून ओळखली होती.

“मला ऐकायचंय,” आता ताई म्हणाली.

“नको गं. तुला जमणार नाही ते.”

“का? तुझं अख्खं पुस्तक जमलं, हे जमणार नाही?”

पोरीने तिला संगणकासमोर बसवलं, हेडफोन चढवले, बोटं बाणांच्या बटणांवर ठेवून दिली. छोट्या दाराशी उभा राहिला. त्याला फक्त बटणं ऐकू येत होती. एक, थांबून दुसरं, मग चुकून दोन एकदम. कुठल्या भिंतीला ती धडकली असेल ते त्याला कळत होतं. आता डावीकडे पाणी. आता चप्पल येत असेल. ताईची बोटं थांबली. स्पेसबार कुणी दाबला नाही. तिला तो सांगितलाच नव्हता, आणि सांगावा असं त्या क्षणी तिथल्या कुणालाही वाटलं नाही.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“पुढचं कुठाय?” ती म्हणाली.

“पुढे काही नाही. तिने पकडलं की खेळ संपतो.”

“खेळाचं नाही विचारत. माझ्या बोलण्यातलं पुढचं. मी रोज म्हणते. छोट्याचं झालं, हिचं झालं, पोरीचं झालं, आता कोण राहिलं? मी. असं म्हणते आणि मग माझं ताट घेते. ते ‘मी’ कुठे गेलं?”

छोट्याचा चेहरा कानांपर्यंत तापला. ते ‘मी’ रेकॉर्डरवर होतं. त्याच्याआधी एक बारीक हसूही होतं. त्यानेच कापलं होतं, कारण ते आलं की म्हातारी भयंकर वाटेना, नुसती भुकेली वाटायला लागली.

“कापलं,” तो म्हणाला.

“बरं,” ताई म्हणाली, आणि उठून कप विसळायला गेली. भांडण तिथेच संपलं. लांबलं असतं तर छोट्याला बरं वाटलं असतं.

सोमवारपासून घरातून ताईचा आवाज गेला. बोलायला ती बोलत होती, विचारलं तर उत्तर देत होती. पण स्वतःशी पुटपुटणं बंद. बसताना आई गं नाही. चप्पल घासली जाऊ नये म्हणून ती पाऊल उचलून टाकायला लागली. दुखऱ्या गुडघ्यावर ते किती जड जात असेल याचा त्याला हिशोब लागेना. इतकी वर्षं घर त्याला ताईवरून कळत होतं. ती कण्हली की स्टूल कुठे आहे ते कळायचं, चप्पल थांबली की ओटा. आता आपल्याच घरात तो हात पुढे करून चालू लागला.

त्याने काही केलं नाही असं नाही. सोमवारीच ‘तळघर’ उतरवून टाकलं. त्या जागी लिहिलं, ‘तांत्रिक कारणामुळे खेळ काही काळ बंद आहे.’ मंडळाला कळवलं की तब्येत ठीक नसल्याने सभेला येणं जमेलसं दिसत नाही. झालं, असं त्याला वाटलं. त्या रात्री झोपही लागली.

बुधवारी संध्याकाळी कामावरून आला आणि बोळकंडीत ताईवर आदळला. तिच्या हातात गरम दुधाचं पातेलं होतं. दूध तिच्या पायावर गेलं. पातेलं खाली आपटलं, पण ताईच्या तोंडून आवाज नाही. नुसता श्वास आत ओढल्याचं ऐकू आलं.

“भाजलं का? अगं, ओरड तरी,” तो म्हणाला.

“ओरडले तर उपयोगी पडेल कुठे तरी,” ताई म्हणाली, आणि लंगडत नळाशी गेली.

बायकोने मलम आणलं. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, हात तिचा हलका. मलम लावता लावता ती छोट्याकडे न वळता म्हणाली, “खेळ काढला म्हणून सांगत होतात ना? हे ताईंना सांगितलंत का?”

“कशाला उगाळत बसायचं? काढला, संपलं.”

“बाबा,” पोरगी दुसऱ्या खोलीतून म्हणाली, “तांत्रिक कारण म्हणजे आत्या का?”

ताईने चालूच राहिलेला नळ बंद केला.

छोट्या आपल्या खोलीत जाऊन बसला. मूळ रेकॉर्डिंग अजून होतं. हेडफोन न लावता त्याने ते सुरू केलं. दार उघडंच होतं. छोट्याचं झालं, हिचं झालं, पोरीचं झालं. आता कोण राहिलं? हसू. मी. मग ताट घेतल्याचा आवाज. चमच्याचा. एकट्या माणसाच्या जेवणाचा. त्या रात्री इतर तिघं उठून गेली होती, म्हणून ते इतकं स्वच्छ आलं होतं. ध्वनी म्हणून ते किती सुरेख आहे हे त्याला आताही जाणवलं, आणि जाणवल्याचीच शरम वाटली.

यंत्रात तयार केलाय, हे त्याने लिहिलं होतं. तब्येत ठीक नाही, हेही त्यानेच लिहिलं होतं. ताईचं नाव घेण्याऐवजी त्याने एकदा यंत्र पुढे केलं आणि एकदा आजारपण. जेवायला बोलवायला पोरगी आली तेव्हा तो मंडळाला दुसरं पत्र लिहीत होता.

ताटं वाढून झाली. ताई स्टुलावर बसली, आवाज न करता, म्हणजे बसली असावी. छोट्याने घास घेतला नाही.

“मला सांगायचंय,” तो म्हणाला. “‘तळघर’ परत येणार नाही. बक्षीस नको म्हणून कळवलंय. रविवारी मी सभेला जाणार आहे आणि माझी दहा मिनिटं घेणार आहे. आवाज माझ्या बहिणीचा होता, तिला न विचारता घेतला, त्यातलं ‘मी’ कापलं आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो, एवढं सांगून खाली बसणार आहे. आणि आजपासून या घरात वाढायचं काम माझं. सगळ्यांत शेवटी मी जेवणार.”