पेटीतली पहिली चिठ्ठी

परवा हार्डवेअरच्या दुकानात कुणीतरी हिरवा पाइप हातभर कापून घेतला आणि मी आधी शिकवायचे ती देगलूरकडची जिल्हा परिषदेची शाळा मला आठवली. शासनाच्या आदेशानं तिथं नुकतीच तक्रारपेटी लावली होती आणि ती उघडायचं काम माझ्याकडं होतं. पहिल्याच शनिवारी एक बिननावाची चिठ्ठी निघाली. 'गणिताचे सर पाइपनं मारतात, रक्त निघालं तरी थांबत न्हाईत.' मी ती मधल्या सुट्टीत शिक्षकांसमोर मोठ्यानं वाचली. गणिताच्या सरांनी ती माझ्या हातातून घेतली, अक्षर पाहिलं आणि बाहेर गेले. पाठोपाठ सातवीच्या वर्गातून किंकाळी आली. मी धावले, तर एक मुलगी बाकाखाली मुटकुळं करून पडली होती, कपाळ फुटलं होतं आणि सर हातातल्या पाइपनं तिला झोडपत होते. "लई लिहिता येतंय का गं तुला?" मी मध्ये पडले. दोन फटके माझ्या कानावर बसले, तोंडात रक्ताची चव आली, तेव्हा मी त्यांच्या मनगटाला असा चावा घेतला की पाइप सुटला. पुढं ते निलंबित झाले. पण त्या दुपारी सरकारी दवाखान्यात टाके पडत असताना मुलीनं मला विचारलं, "बाई, सरला कुणी सांगितलं वो?" मी म्हणाले, "मीच." तिनं माझा हात सोडला. आता अहमदपूरच्या शाळेत प्रत्येक चिठ्ठी मी दार लावून, एकटीच वाचते.