खिडकी क्रमांक चार आणि नावाचा अर्थ

हुद्दा: वरिष्ठ लिपिक, जन्मनोंदणी विभाग, खिडकी क्रमांक चार. सेवा: एकतीस वर्षे. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीवर शाईचा डाग, कायमस्वरूपी. विशेष नैपुण्य: निरंक. वर्तणूक: समाधानकारक. सेवापुस्तक या कारकुनाबद्दल याहून जास्त बोलत नाही.

नावांनाही केसांच्या वळणासारखी फॅशन असते, हे त्याला नोंदवहीने शिकवले. तो नोकरीला लागला तेव्हा दर तिसरी मुलगी एकाच सिनेतारकेची नावबहीण होती. तारकेचे लग्न मोडले आणि ते नाव वर्षभरात मागे पडले. मग दोन अक्षरी नावांची साथ आली. अलीकडे पणज्यांची नावे परत येऊ लागली होती. आजीचे नाव मात्र कोणी घेत नसे, कारण आजी अजून हयात असते आणि सुनेला ऐकवत असते. आईबाप काचेपलीकडून छाती फुगवून सांगत, "एकदम वेगळं नाव आहे हं, कुणाचंच नाही." कारकून मान डोलावी आणि त्या महिन्यातली सतरावी नोंद करी.

सहा वर्षांपूर्वी एक जोडपे आले. बापाचे पहिले अक्षर, आईचे शेवटचे आणि मावशीचे मधले काहीतरी जोडून त्यांनी मुलीसाठी नाव तयार केले होते. उच्चारताना चूळ भरल्याचा भास होई. सोबतची सासू अडून बसली.

"अर्थ काय त्याचा? बिनअर्थाचं नाव आमच्या घरात चालायचं नाही!"

सून रडकुंडीला आली. रांग मागे जिन्यापर्यंत गेली होती, पावणेदोन वाजले होते आणि कारकुनाचा डबा टेबलाखाली वाट पाहत होता. तो चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाला, "जुन्या भाषेत याचा अर्थ होतो पाण्यावरचा उजेड."

सासू विरघळली. रांग सरकली. डबा उघडला.

पुढच्या वर्षी त्या नावाच्या नऊ मुली आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी चाळीस. नावांचे अर्थ सांगणाऱ्या एका वेबसाइटवर ते झळकले: मूळ अतिप्राचीन, स्वभाव शांत पण ठाम, शुभ रंग निळा. कारकुनाने अर्थ तेवढा दिला होता, बाकीचे त्यांनी पदरचे घातले. त्याने हे कोणाला सांगितले नाही. चौकशी झाली तर कोणत्या नियमाखाली होईल, एवढेच त्याने एकदा पाहून ठेवले. तसा नियम नव्हता.

मग त्याच्या मुलीला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली, आणि एकोणीस दिवस काचेच्या पेटीत राहिली. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी लेकीने वडिलांपुढे भरलेला अर्ज ठेवला. नावाच्या जागी तेच नाव होते.

कारकुनाने चहाचा कप खाली ठेवला. "हे... हेच का गं? दुसरी आहेत की चांगली."

"बाबा, याचा अर्थ पाण्यावरचा उजेड. ती पेटीत होती ना, तेव्हा मी बाहेर बाकावर बसून तेच म्हणत राहायचे. दुसरं काही सुचायचंच नाही."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. गप्प बसले तर नात जन्मभर एका थापेचे ओझे वाहणार. बोलले तर त्या एकोणीस दिवसांत लेकीला जो एक आधार होता तो आपणच काढून घेणार. एकतीस वर्षे त्याने लोकांची नावे जशी सांगितली तशी लिहिली होती. खरे काय, हे ठरवायची पाळी कधी आली नव्हती.

"तो अर्थ खोटा आहे," तो म्हणाला. "मीच रचलाय. खिडकीवर एक सासू अडून बसली होती, आणि मला भूक लागली होती."

आतून त्याची बायको ओल्या हातांनी बाहेर आली. "काय केलंत म्हणे?"

त्याने पुन्हा सगळे सांगितले. दुसऱ्यांदा ते जास्तच वाईट वाटले.

"जन्मात एक बरी ओळ सुचली यांना," बायको म्हणाली, "तीही जेवणाच्या घाईत. माझ्या वाट्याला कधी आली नाही."

लेकीला हसू फुटले, मग डोळे भरले, मग परत हसू. "म्हणजे मी तिथे बसून एकोणीस दिवस तुमचंच काहीतरी म्हणत होते?"

"तसं झालं खरं."

"आणि हे आजपर्यंत कुणाला बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

"राहू द्या मग तेच," ती म्हणाली. "अतिप्राचीन नसलं म्हणून काय झालं? कुठल्या सोम्यागोम्यापेक्षा घरातल्याने रचलेलं बरं." तिने अर्ज त्याच्याकडे सरकवला. "उद्या पहिल्या नंबरावर घ्या. वशिला लावा जरा."

कारकुनाने वशिला लावला नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्याच खिडकीपुढे बाकीच्यांसारखा रांगेत उभा राहिला, आणि आत कोणीच नसल्यामुळे रांग वीस मिनिटे हलली नाही. शेवटी मागच्या बाईने त्याला आत ढकलले. त्या वर्षातली त्या नावाची ती बेचाळिसावी नोंद.

घरात तिला सगळे गोटी म्हणतात.