पडद्याबाहेरची बाई
स्पिरिटचा वास आला की नाशिकचा तो दवाखाना आठवतो आणि माझं डोकं आजही तापतं. स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आला, तेव्हा डॉक्टरांनी मला पडद्याबाहेर बसवलं आणि नवऱ्याला आत घेतलं. "यांच्या गाठीत प्रतिकारशक्तीच्या पेशी भरपूर शिरल्यात," ते त्याला सांगत होते, "या प्रकारच्या कॅन्सरमध्ये ही चांगली खूण असते." गाठ काढल्याचे टाके अजून ओढत होते, तरी उठून मी पडदा सारला. "गाठ माझी, लढणाऱ्या पेशीही माझ्या, मग बाहेर मीच का?" नवरा पुटपुटला, "अगं, हळू बोल." "नाही बोलणार हळू! डॉक्टर, पहिल्यापासून सांगा, आणि मला सांगा." मग त्यांनी सांगितलं. आज मी ठणठणीत आहे, पण माझ्याच जगण्याची आशा मला चोरून ऐकावी लागली, त्याबद्दल मी अजून दोघांनाही माफ केलेलं नाही.