खिडकी उघड, सूनबाई

दवाखान्यातून ह्यांचा फोन आला तेव्हा मी बीन्सच्या शिरा काढत बसले होते. "दादा गेले," एवढंच म्हणाले. फोन ठेवला आणि पुन्हा शिरा काढायला बसले... मामंजींसाठीच निवडत होते ना! हाताला कुठे ठाऊक होतं?

माझे सासरे कोल्हापूरचे, शाळेत ड्रिलमास्तर. आवाज असा की मैदानाच्या पलीकडची पोरं सरळ उभी राहायची. हृदयाचं दुखणं झालं आणि ह्यांनी त्यांना बंगळूरला आणलं, जयनगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना चढायचा नाही. मीठ नावापुरतं, तेल चमचाभर. हे सकाळीच यशवंतपूरला कारखान्यात जायचे, मग दिवसभर घरात आम्ही दोघंच. त्यांना खाली जाता येईना, मला त्यांना सोडून जाता येईना. ते मला 'जेलरबाई' म्हणायचे. मी मनात म्हणायचे, अहो, जेलर तरी संध्याकाळी घरी जातो!

पथ्याचं म्हणजे उकडायचं, एवढंच मला माहीत. दुधी, बीन्स, कोबी, सगळं भांडंभर पाण्यात रटरट शिजवायचं, पाणी ओतून द्यायचं आणि तो लगदा ताटात वाढायचा. मामंजी बोटाने तो ताटाच्या कडेला सारत. त्यात खालच्या मजल्यावरची अक्का चार वाजता काहीतरी तळायची. वास सरळ आमच्या स्वयंपाकघरात! "खिडकी लाव!" मामंजी ओरडायचे. मी लावायची. मग त्या कोंडलेल्या उकाड्यात मी आणि माझा उकडलेला दुधी. अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागले त्यांचे. "औषधं आहेत, पण माणूस जेवला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. मामंजींचं एकच पालुपद, "मला कोल्हापूरला नेऊन सोड. मरायचंच तर चवीनं मरतो." मला राग यायचा, आणि भीतीही वाटायची.

अक्काचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारं. एकदा विरजण मागायला वर आली आणि गॅसवरच्या पातेल्यात डोकावली. "अय्यो! आजारी माणूस आहे, भाजीला कशाला सलाईन लावलीस?" म्हणाली. मग पदर खोचून स्वतःच उभी राहिली. बीन्स बारीक चिरले, पाण्याचा नुसता हबका मारून झाकण ठेवलं, कच्चेपणा गेल्यावर तापल्या तव्यावर पसरले. "आता हात लावू नकोस. स्वल्प डाग पडू दे." मग चमचाभर तेलात मोहरी, कढीपत्ता, सुकी मिरची. वरून भाजलेल्या तिळाचा कूट, आणि गॅस बंद केल्यावर लिंबू. "मीठ कमी तिथे आंबट पुढे आणायचं," म्हणाली.

मामंजी आतल्या खोलीत कॉटच्या कडेला आले, मग दारात, मग चक्क पाटावर. ताट चाटूनपुसून साफ. हात धुऊन आले आणि म्हणाले, "सूनबाई, खिडकी उघड. जाऊ दे वास खाली. त्यांना एकट्यांनाच काय तळता येतं?"

त्या दिवसापासून रोजचा नेमच झाला. फोडणी तडतडली की अक्का खालच्या गॅलरीत येऊन विचारायची, "अण्णा, आज पल्या काय?" पल्या म्हणजे तिची कोरडी भाजी. मामंजी गजांना धरून परेडच्या आवाजात पुकारायचे, "को-बी!" आख्खी गल्ली ऐकायची. मला लाजल्यासारखं व्हायचं. जेवायला लागले, पण कोल्हापूर काही सुटलं नाही. शेवटी दवाखान्यात नेताना तेवढा जिना उतरले, तेही स्ट्रेचरवरून.

दिवसकार्य झालं. आता मला कुठेही जाता येतं, पण पाय उंबऱ्याशीच अडतो. परवा पहिल्यांदा बीन्स केले. मिरचीचा ठसका बसला म्हणून इतके दिवस लावून ठेवलेली खिडकी उघडली. खालून अक्काचा आवाज आला, "अण्णा, आज पल्या..." आणि तिथेच तुटला. तोंडाला पदर लावून ती आत वळली. मी कधी जन्मात खिडकीतून ओरडले नव्हते. गज धरले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला, "बी-न्स!"

अक्का थांबली. वर बघत कितीतरी वेळ उभी होती. मला पुढचं काही दिसेना, पण खिडकी मी लावली नाही.