दोन बनियनांची साक्ष

शेजारच्या वहिनींनी नवऱ्याला शेतात पुरलं, ही बातमी गल्लीत आली तेव्हा मी अर्धी दाढी तशीच ठेवून पळालो. कुंपणाशी नवरा उभा, धडधाकट. पुरला होता तो त्याच्या मापाचा बनियन. तोही कोरा, आणि एक नव्हे, दोन. परतताना पुढच्या गल्लीत मी ती बातमी जुन्याच रूपात पोचवली, ते सोडा.

वहिनी शिलाईचं मशीन चालवतात आणि अर्धं शेतही. उरलेलं अर्धं थोरल्या दिराचं. मध्ये फक्त बांध. वहिनींकडे शेणखत, पालापाचोळा आणि नाना जातींचं गवत. दिराकडे पोत्यातलं खत आणि पाठीवरचा फवारणी पंप. त्याचं पीक जास्त येतं, हे वहिनीही नाकारत नाहीत. यंदा त्याने ठरवलं, बांध मोडून सगळीकडे एकच फवारा मारायचा. तुझी माती उपाशी आहे, म्हणाला. वहिनींनी वाद घातला नाही. एकाच सुती कापडाचे दोन बनियन शिवले, दोरा मात्र नायलॉनचा, आणि दिराच्या देखत वीतभर खोल पुरले. एक इकडे, एक तिकडे. जिवंत माती कापड खाते. दोन महिन्यांत वहिनींच्या मातीने जास्त खाल्लं नाही, तर बांध मोडायचा.

दोन महिने मी दोघांनाही, धुणं वाळलं का, म्हणून छळलं.

उकरायच्या दिवशी आधी दिराचा निघाला. मळका, पण शाबूत. वहिनींचा सापडेचना. त्यांचा चेहरा उतरला. जागा चुकली की काय? मग त्यांनी एक ढेकूळ बोटांनी हलकेच फोडलं. हातात आली नुसती शिवण. गळा, बगला, खांदे. जणू दोऱ्याने हवेत काढलेला बनियन. कापडाच्या जागी पांढऱ्या बुरशीचं जाळं, गांडुळं, आणि मोहरीहून बारीक, टुणकन उडणारे जीव. चष्मा पुसून मी गुडघ्यांवर बसलो. पायाखाली एवढी वस्ती, आणि मी बारा घरांची खबर ठेवतो म्हणून मिरवतो!

दिराने ती शिवण तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली. बांध राहू दे, एवढंच म्हणाला. मग उगाच आपला बनियन झटकत म्हणतो, "माझा निदान घालता तरी येईल."

वहिनी म्हणाल्या, "घाला की, भावोजी. तुमच्या मातीत तो खायला कुणी उरलंच नाही."