पहिल्या हाकेला ओ नाही

मे महिन्यात मुलगी कॅमेरा, एक मैत्रीण आणि उतरलेला चेहरा घेऊन कोकणात, मिठबावला घरी आली. सिनेमाच्या कोर्सचं तिचं शेवटचं वर्ष. तिने केलेला छोटा भयपट सरांनी परत पाठवला होता. "हे सगळं मी आधी पाहिलंय. यात तुझं काय?" एवढंच म्हणाले होते. सोमवारपर्यंत नवा दिला नाही तर वर्ष वाया जाणार, हे तिने चपला काढता काढताच सांगून टाकलं.

मी आंब्याच्या पेट्या भरत होते. म्हटलं, "मग कर नवो."

दोघी लॅपटॉपवर जुने काळे-पांढरे भयपट पुन्हा पुन्हा पाहत बसल्या. येता-जाता मीही पाहिले. भूत फार थोडा वेळ दिसतं. बाकी वेळ माणसं दाराकडे बघत असतात. मुलीला मात्र त्यातलं दारच हवं होतं. तिने घरातली सगळी दारं उघडून-मिटून पाहिली आणि माझ्यावरच चिडली.

"सगळ्या बिजागऱ्यांक खोबरेल घालून ठेवलंस. एक दार कुरकुरणारा नाय ह्या घरात!"

मग धुकं. त्यासाठी नारळाची ओली सोडणं, वरची सालं, पेटवली. परसात इतका धूर झाला की शेजारचे भाऊजी कळशी घेऊन धावत आले. "वयनी, घर पेटला काय?" धुराने त्यांना ठसका लागला, आम्हाला हसू आलं, मुलीला आलं नाही. ती अंगणात फेऱ्या मारत होती. तिची ती चुळबुळ मलाही लागली. भरलेल्या पेट्या उघडून पेंढा नीट आहे ना ते बघायला लागले. मी असं कधी करत नाही.

शनिवारी दिवेलागणीला तिने सावलीचा प्रसंग लावला. मी स्वयंपाकघरात फणसाचे गरे सोडत बसायचं, मैत्रीण आत कॅमेऱ्यामागे, मुलगी मागच्या दाराबाहेर बॅटरी घेऊन. ती हाक मारणार, मी ओ देणार, की ती भिंतीवर सावली पाडणार. कॅमेरा सुरू झाला.

"आये!"

माझा हात थांबला. दाराकडे पाहिलं, काही बोलले नाही, पुन्हा गरे सोडू लागले. बाहेर काहीच आवाज नाही. आता हिने परत हाक मारायला हवी होती. का मारत नाही? मी पुन्हा दाराकडे पाहिलं.

"काकू, ती बोलावतेय," पुण्याची मैत्रीण कुजबुजली.

"मारू दे परत."

ती मारीना. माझ्या बोटांना चीक चिकटला होता आणि गरा सुटत नव्हता. शेवटी मुलगी बॅटरी आपटत आत आली.

"आये, ओ कित्याक दिलंस नाय?"

"तिन्हीसांजेक पहिल्या हाकेक ओ देऊची नाय. माणूस आसात तर परत हाक मारीत. माणूस नसात ता एकदाच मारता. शाळेत जायच्या आधी शिकवलंय तुका."

तिने बॅटरी बंद केली. मग दोघींनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकी टेकवली. "आयेची मान बघ," ती म्हणाली. सावली नको, धूर नको, पांढरी साडी नको. रविवारी दोघी आवरून गेल्या.

सोमवारी तिने फिल्म दिली आणि ती पास झाली. मला पाठवली, तेव्हा मी दुपारची पेट्यांजवळ बसून पाहिली. एक बाई गरे सोडतेय. बाहेरून मुलीची हाक येते. बाई दाराकडे बघते, ओ देत नाही. दुसरी हाक येत नाही. बाई पुन्हा बघते. संपलं.

त्या सांजेला मुलगी बॅटरी आपटत आत आली होती हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी उठून मागच्या दाराबाहेर डोकावून आले आणि मग तिला फोन लावला.

"शेवटी तू आत येतंस, ता कित्याक काढलंस?"

"आये, ता ठेवलंय तर भेव खंय रवतला?"

बरोबर आहे. सरांनी पास केलं म्हणजे बरोबरच असणार.

"बरा केलंस," मी म्हटलं. "पण चेडवा, सांजचो फोन केलंस आणि मी उचललंय नाय, तर परत कर. एकदा वाजवून ठेव नको."